ग-दोन

“तूच फोड गं आई. मला धीर नाही,” असं म्हणून केतकीनं पाकीट माझ्या पुढ्यात ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मी वाती वळत बसले होते. हाताला चिकटलेला कापूस पदराला पुसला आणि पाकीट फोडलं. भोसेवाडीच्या फार्मसी कॉलेजचं पत्र होतं. वर संस्थेचा शिक्का, त्याखाली जावक क्रमांक, आणि मधोमध ठळक अक्षरांत, ‘कु. केतकी अनंत तासगावकर. शिष्यवृत्ती (ग-१). शिक्षण शुल्काच्या पंचवीस टक्के.’

“किती?” तिनं भिंतीकडूनच विचारलं.

“पंचवीस.”

“हजार?”

“टक्के.”

ती वळली, माझ्या हातातून पत्र घेऊन स्वतः वाचलं आणि खाली बसली. बारावीला एक्क्याण्णव टक्के पडले होते तिला. वर्षभर पहाटे माझ्याबरोबर उठून अभ्यास केला होता. मी देवापाशी, ती टेबलापाशी. भोसेवाडीच्या संस्थेच्या शिष्यवृत्त्या चांगल्या असतात असं ऐकून आम्ही तिथं अर्ज केला होता. निम्मी फी जरी सुटली असती तरी आमचं भागलं असतं. पाव भागानं भागत नव्हतं. मग मिरजेतच बीएस्सी, हे घरात आधीच ठरलेलं होतं. बोललं कुणी नव्हतं एवढंच.

तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं आणि योगिनी चप्पल न घालताच आमच्या घरात शिरली.

“काकू! फुल! हॉस्टेलसकट फुल!”

तिच्या हातात तसंच पत्र होतं. तोच शिक्का, तीच अक्षरं. मी चष्मा सरकवून वाचलं. ‘कु. योगिनी दिगंबर मालगावे. शिष्यवृत्ती (ग-२). संपूर्ण शिक्षण शुल्क व वसतिगृह. गृहभेटीच्या अधीन.’

योगिनीला अठ्ठ्याहत्तर टक्के होते.

“अरे वा,” मी म्हणाले. माझा आवाज मुळातच हळू आहे, त्यामुळं त्यात काय कमी पडलं ते तिला कळलं नसावं. पण तिच्या मागोमाग सुलभा आली. दवाखान्यातून नुकतीच आली होती, खांद्याला पर्स तशीच. तिनं पोरीच्या हातातून पत्र काढून घेतलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकलं.

“वहिनींचा वेळ कशाला घेतेस? चल घरी.”

“अगं, वाचू दे की मला नीट,” मी म्हणाले.

“त्यात काय वाचायचंय,” सुलभा हसली. “छापील असतं सगळं.”

आज त्याला सोळा वर्षं झाली. पण पत्राला चार घड्या घालणारी तिची बोटं मला दिसतात. आनंदाचं पत्र इतकं घाईनं कुणी मिटत नाही, असं त्या वेळी माझ्या मनात आलं आणि ते तिथंच बसलं.

सुलभा मालगावे आमच्या समोरच्या बिऱ्हाडात नऊ वर्षं राहत होती. मिरजेत स्टेशनच्या रस्त्याला तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघीच समोरासमोर. ती एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करायची. तिचे यजमान, दिगंबर भाऊजी, चाकणला कंपनीत सुपरवायझर. पंधरा दिवसांनी येतात, असं ती सांगायची. दुपारी ती घरी आली की आमच्याकडं यायची आणि मला वाती वळू लागायची. त्या वर्षी मी लक्ष वातींचा संकल्प सोडला होता. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

संध्याकाळी हे स्टँडवरून आले. आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक. दिवसभर कुठली गाडी कुणाच्या आधी सुटली यावरून लोकांची भांडणं सोडवायचे. पत्र वाचून त्यांनी विचारलं, “शेजारच्या पोरीचं काय झालं?”

मी सांगितलं.

“एक्क्याण्णवला पाव आणि अठ्ठ्याहत्तरला पूर्ण? हा कुठला न्याय?” त्यांनी पत्र दिव्याकडं धरलं, जणू मागं काही लिहिलेलं दिसणार होतं. “आणि हे बघ, हिचं ग-एक, तिचं ग-दोन. ग म्हणजे गुणवत्ता. आपली एक नंबरला आणि ती दोन नंबरला. मग दोन नंबरच्या गाडीत जास्त सीटा कशा?”

“ओळख असेल कुणाची,” मी म्हणाले.

“ओळखीनं पाव टक्का वाढतो. एवढं नाही वाढत. काहीतरी काळंबेरं आहे यात.”

“बाबा, तिचा फॉर्म वेगळा होता,” केतकी आतून म्हणाली. “गुलाबी.”

“गुलाबी? तो कुठं मिळतो?”

“मला काय माहीत. सुलभाकाकूंनी स्वतः भरला. दार लावून.”

“तू विचारलं नाहीस तिला?”

केतकीनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “मला नाही विचारायचं. तुम्हीही नका विचारू.”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताट वाढायला घेतलं. पण ‘दार लावून’ हा शब्द माझ्या कानात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलभा नेहमीसारखी आली. कापूस पुढ्यात घेतला. मी दहा-बारा वाती होईपर्यंत थांबले.

“फॉर्म कुणी भरला गं योगिनीचा?”

“मीच की.”

“भाऊजींची सही लागली असेल ना? आमच्या ह्यांची तीन ठिकाणी लागली.”

तिच्या बोटांतली वात तुटली. तिनं दुसरा कापूस घेतला.

“लागली की.”

“मग आले होते वाटतं?”

“फॉर्म भरायचा होता त्या शनिवारी. उशिरा आले, पहाटेच्या गाडीनं गेले. तुम्हाला भेटायचं म्हणत होते, म्हटलं वहिनी देवपूजेत असतील.”

“हो का,” मी म्हणाले.

“केतकीचं कसं करणार तुम्ही?”

“बघू. देवाच्या मनात असेल तसं.”

“तिला मिळायला पाहिजे होतं, वहिनी. खरंच. तिच्याएवढी हुशार मुलगी नाही बघितली मी.”

ती मनापासून म्हणाली असणार. पण मला त्या वेळी ते जखमेवर हात ठेवून दाबल्यासारखं वाटलं. तिला काय जातंय बोलायला, असं वाटलं. आणि तेव्हापासून मी तिच्याकडं बघायला लागले. पूर्वी बघत नव्हते असं नाही. आता हेरायला लागले. ती पिशवीतून काय आणते, दारात पोस्टमन आला की किती पटकन बाहेर येते, फोनवर बोलताना स्वयंपाकघराचं दार का लोटते. जप करताना मन कुठं जाऊ नये ते सगळीकडं जात होतं. मी देवाला म्हणायची, ‘ज्याचं जे आहे ते त्याला मिळू दे.’ इतकी निर्मळ प्रार्थना आहे असं मला वाटायचं. त्यात नाव घेतलेलं नव्हतं ना कुणाचं.

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला दाराची कडी वाजली. माझा एक नेम आहे, लग्नाच्या आधीपासूनचा. सकाळी अकरा माळा पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही. त्या दिवशी नववी माळ चालू होती. हे ड्यूटीवर, केतकी वाचनालयात. मी माळ हातात घेऊनच दार उघडलं.

पांढरा सदरा, बगलेत फाईल, पायात धुळीनं भरलेल्या चपला. साठीचे गृहस्थ. त्यांनी माझ्या हातातली माळ पाहिली आणि दोन पावलं मागं सरकले.

“माफ करा बाई. मी आवटी. भोसेवाडीच्या संस्थेतून आलोय, शिष्यवृत्तीचं काम बघतो. समोर मालगावे राहतात त्यांच्याकडं आलो होतो. कुलूप आहे.”

मी मान हलवली. सुलभा दवाखान्यात, योगिनी तिच्या मामाकडं गेली होती.

“तुमचं मौन आहे का? असू द्या, असू द्या. मानेनं सांगितलंत तरी चालेल. दोनच गोष्टी विचारायच्या होत्या.” त्यांनी फाईल उघडली. आतला कागद गुलाबी होता. “दिगंबर मालगावे म्हणून त्यांचे यजमान. त्यांचं इथं येणं-जाणं असतं का?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे सुलभानं तिकडं असं लिहून दिलं होतं! नवरा येत नाही, नवरा सांभाळत नाही. महिन्यापूर्वी वटपौर्णिमेला माझ्या शेजारी उभी राहून तिनं वडाला सात फेरे घातले होते. नाकात नथ, हातात हिरवा चुडा. सूत गुंडाळताना डोळे मिटून घेतले होते. आणि तीच बाई सरकारी कागदावर नवरा टाकून गेला म्हणून सही करते? फीसाठी? जित्या माणसाला कागदावर घालवते? माझ्या अंगावर काटा आला. रागाचा होता, पण मी त्याला धर्माचा राग समजले.

मी होकाराची मान हलवली.

“येतात?”

पुन्हा हलवली.

आवटी सरांनी पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. “बाई, तुम्ही जप करणाऱ्या, म्हणून एकदाच विचारतो. तुम्ही स्वतः पाहता त्यांना येताना?”

माझं बोट एका मण्यावर होतं. तो मणी मी पुढं ओढला नाही. जिन्यात कुणी नव्हतं. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

मी मान हलवली.

त्यांनी काहीतरी लिहिलं, नमस्कार केला आणि गेले. मी दार लावून पाटावर येऊन बसले. उरलेल्या दोन माळा पूर्ण केल्या. मी खोटं बोलले नव्हते. मी बोललेच नव्हते. त्या दिवशी नैवेद्याला शिरा केला.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरं झालं. आता तिकडची रक्कम मोकळी झाली की एक नंबरवालीचा विचार करतील.” केतकी जेवता जेवता उठून गेली. तिला बरं नसेल असं मला वाटलं.

नऊ दिवसांनी सुलभा दुपारी आली ती कापसाच्या टोपलीशी बसलीच नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहिली, पाठीमागं दार लोटलं.

“वहिनी, योगिनीचं अडवलंय.”

“काय अडवलं?”

“शिष्यवृत्ती. पत्र आलंय. गृहभेटीत शेजाऱ्यांकडून वेगळी माहिती मिळाली म्हणे. येत्या मंगळवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर नाव रद्द.” ती भिंतीला टेकली. “तळमजल्यावरच्या पिसेबाईंचं काम असणार हे. त्यांना कुणाचं बरं झालेलं बघवत नाही.”

मी टोपलीतला कापूस पिंजत राहिले.

“वहिनी, तुम्हाला एक सांगायचंय. कुणाला सांगितलं नाही आजवर. माहेरी माझ्या भावाला ठाऊक आहे, बास.” तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “हे येत नाहीत.”

“येत नाहीत म्हणजे?”

“दोन वर्षं होतील दिवाळीला. चाकणला दुसरं बिऱ्हाड केलंय. मूल आहे तिकडं. पैसे येत होते ते दीड वर्षापासून बंद. मी तहसीलला जाऊन दाखला काढला. परित्यक्ता म्हणून.” तो शब्द तिनं हळू उच्चारला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. “तिथल्या कारकुनानं मोठ्यानं वाचला, वहिनी. रांगेत आमच्या दवाखान्यातली एक पेशंट उभी होती. मी म्हटलं, माझा नाही हो, आमच्या नात्यातल्या बाईचा आहे.”

“आणि वड?” माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. फार वाईट हसली.

“अख्खी इमारत जाते वडाला. मी एकटी घरात बसले असते तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं. योगिनीला स्थळं बघायची आहेत उद्या. कॉलेजात मुली विचारतील, बाबा काय करतात. म्हणून सांगत राहिले, येतात, येतात. तुम्हालाही खोटंच सांगितलं. माफ करा.”

मी खाली बसले.

“तुम्ही माझ्याबरोबर याल भोसेवाडीला?” ती म्हणाली. “शेजाऱ्याचा लेखी जबाब हवाय त्यांना. तुमच्याकडं बघून कुणी शंका घेणार नाही. तुम्ही नुसतं म्हणालात ना, की नाही येत, तरी पुरे.”

ह्यांनी संध्याकाळी विचारलं, “तू कशाला मध्ये पडतेस? पिसेबाईंवर गेलंय ते तिकडंच राहू दे.” मी म्हटलं, जाते. का जाते ते सांगितलं नाही. मंगळवारी अकरा माळा मी पहाटेच संपवल्या.

भोसेवाडीचं कॉलेज उसाच्या शेतांच्या मध्ये होतं. नवीन रंग दिलेली इमारत, बाहेर सायकली. ‘विद्यार्थी साहाय्य’ अशी पाटी असलेल्या खोलीत आवटी सर एकटेच होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, सुलभाचा अर्ज वाचला, आणि मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“आज मौन नाही ना?”

सुलभानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

“नाही,” मी म्हणाले.

“मग सांगा.”

“सर, त्या दिवशी मी... मी त्यांना येताना पाहिलेलं नव्हतं.”

“पण मी विचारलं होतं. तीन वेळा.”

“हो. तिन्ही वेळा मान हलवली.”

सुलभाच्या मांडीवरची पर्स खाली पडली. तिनं ती उचलली नाही. पंख्याचा आवाज येत होता. आवटी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“का?”

“माझ्या मुलीला ग-एक मिळालं. केतकी तासगावकर. पंचवीस टक्के. हिच्या मुलीला ग-दोन, पूर्ण. मार्क कमी असून. मला वाटलं, एक नंबरचं दोन नंबरला गेलं. हिचं थांबलं तर...”

“तर तुमच्या मुलीला मिळेल.”

“हो.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कपाटातून शिष्यवृत्तीच्या पत्राचा एक छापील नमुना काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“बाई, ग-एक म्हणजे गुणवत्ता. नुसते मार्क बघतो. बाप कलेक्टर असला तरी मिळतं, आणि दर वर्षी मार्क टिकवावे लागतात. ग-दोन म्हणजे गरज. त्याला मार्क पास होण्यापुरते चालतात. घरी कमावणारं कोण, दाखले काय, हे बघतो. म्हणून घरी जाऊन यावं लागतं. पहिलं-दुसरं नाही हे. दोन वेगळ्या पेट्या आहेत. हिची रद्द झाली असती तर ती दुसऱ्या गरजू पोरीला गेली असती. तुमच्या मुलीला एक रुपया वाढला नसता.”

“पण दोन्हीकडं ग...”

“मुद्दाम. आमच्या संस्थापकांनी ठेवलंय ते. पत्र घरी जातं, शेजारीपाजारी वाचतात. कुठल्या पोरीला मार्कांवर मिळालं आणि कुठलीला अडचणीमुळं, ते पत्रावरून कळू नये. एकच अक्षर, एकच शिक्का. तीस वर्षं चाललंय. कुणाला कमीपणा येऊ नये म्हणून.” त्यांनी पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. “आणि इथं फोन नंबर आहे. काही कळलं नाही तर विचारा, असं लिहिलंय त्याच्या वर. कुणी विचारत नाही.”

त्यांनी कोरा कागद पुढं केला. मी लिहिलं, ‘दिगंबर मालगावे यांना मी गेल्या दीड वर्षात येथे आलेले पाहिलेले नाही. गृहभेटीच्या वेळी मी खोटा होकार दिला.’ खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

“मालगावेबाई, तुमचं काम झालं,” आवटी सर म्हणाले. “चार दिवसांत पत्र येईल.” मग मला म्हणाले, “तुमच्या मुलीला सांगा, पहिल्या वर्षी पहिल्या पाचांत आली तर ग-एकची रक्कम वाढते.”

पत्र आलं. योगिनी गेली. ह्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि केतकीही गेली. पहिल्या वर्षी ती चौथी आली. दोघी एकाच खोलीत राहिल्या, आजही एकमेकींना रोज फोन करतात. केतकीला सगळं आधीपासून ठाऊक होतं. योगिनीनं अर्ज करायच्या आधीच तिला सांगितलं होतं आणि तिनं ते जपलं होतं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत बरीच जागा होती. सुलभा खिडकीशी बसली, मी शेजारी. कंडक्टर आला. “एक मिरज,” ती म्हणाली. मी माझे पैसे वेगळे काढले.

दोन-तीन गावं गेली. ती बाहेर बघत होती.

“वहिनी, एक विचारू?”

“विचार.”

“त्यांना तुम्ही पाहिलं नव्हतं, ते कळलं. पण तुम्हाला वाटत होतं का, ते येतात असं? मी सांगायची त्यावर विश्वास होता तुमचा?”

हो म्हणणं सोपं होतं. ‘पाहिलं नाही’ असं मी ऑफिसात सांगितलं होतं, त्यात हे झाकून गेलं होतं. तिला फसवलं गेल्याचं दुःख होतं. मी हो म्हटलं असतं तर मीही फसले होते एवढंच राहिलं असतं, आणि आम्ही दोघी बरोबरीच्या झालो असतो.

“नाही,” मी म्हणाले.

ती वळली.

“तुझ्या दोरीवर पंधरा दिवसांनी एक निळ्या चौकड्यांचा शर्ट असायचा,” मी म्हणाले. “तोच. कॉलरला कधी मळ नाही. त्याच्याबरोबर पँट नाही, बनियन नाही, टॉवेल नाही. मी पहाटे साडेचारला उठते, सुलभा. जिन्यावरून मांजर गेलं तरी मला कळतं. पहाटेच्या गाडीला कुणी कधी गेलं नाही.”

“कधीपासून माहीत होतं?”

“ते यायचे थांबले, त्याच्या पुढच्याच संक्रांतीपासून.”

“आणि तरी मान हलवलीत.”

“हो.”

गाडी एका वळणावर थांबली, दोन बायका भाजीच्या पाट्या घेऊन चढल्या, पुन्हा सुटली. सुलभा बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत राहिली.

“तुमच्यासाठीच तर वाळत घालायची मी तो शर्ट,” ती म्हणाली. “बाकी कुणाचं लक्ष असतं दोरीकडं?”

मी हातातलं तिकीट दुमडत राहिले.

“कळलं होतं तर एकदा विचारायचं होतंत, वहिनी. रोज दुपारी समोर बसत होतो आपण.”

“मला वाटलं, तू आपणहून सांगशील.”

“आणि मला वाटायचं,” ती म्हणाली, “तुम्ही विचाराल.”

मिरज स्टँडला ती पुढच्या दारानं उतरली. मी तिला गर्दीतून जाताना पाहत होते. रिक्षांच्या पलीकडं ती दिसेनाशी झाली तरी मी तशीच बसून होते. सगळी गाडी रिकामी झाली. कंडक्टरनं पेटी बंद केली आणि माझ्या सीटपाशी येऊन म्हणाला, “उतरा मावशी. गाडी इथून पुढं जात नाही.”